आफ्रिका रंगवायची राहिली होती

पृथ्वी बनवायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं तर काकू म्हणायच्या, "लहान असेल तर चार. मोठी असेल तर महिना. आणि घरची माणसं मदतीला असतील तर दोन महिने धरा."

गल्लीत त्यांना सगळे गोलकाकू म्हणत. अंगाने त्या छत्रीच्या काडीसारख्या बारीक, त्यामुळे नवख्या माणसाला हे नाव थट्टेचं वाटे. पण ते धंद्यावरून पडलं होतं. त्यांच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात पृथ्वीगोल तयार होत. साच्यावर कागदाचा लगदा थापून मोठा चेंडू करायचा, तो वाळवायचा, घासायचा. मग छापील कागदाच्या बारा फाका त्यावर खळीने चिकटवायच्या. संत्र्याच्या फाका दोन्ही टोकांना निमुळत्या असतात ना, तशाच या. फाकांवर फार काही छापलेलं नसे. समुद्राचे किनारे, नद्या, डोंगर आणि अगदी बारीक अक्षरांत, कुठे कोण लोक राहतात त्यांची नावं. देशांचे रंग मात्र हाताने भरायचे. "नद्या आहेत तिथेच राहतात, देश बदलतात," असं काकूंचे यजमान म्हणत. ते जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या तीन वर्षांत बाजारात प्लॅस्टिकचे गोल आले. स्वस्त, हलके, पोरांनी लाथ मारली तरी न फुटणारे. काकूंच्या गोलांना गिऱ्हाईक उरेना. अशात एका शाळेतल्या इतिहासाच्या बाई आल्या. शाळेत नकाशांची नवी खोली होणार होती, आणि तिच्या मधोमध ठेवायला त्यांना कमरेएवढा मोठा गोल हवा होता. आजचा नव्हे, पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधीचा. युरोपातल्या कुठल्या देशाने जगाचा कुठला तुकडा आपल्या ताब्यात घेतला होता, ते रंगांवरून दिसायला हवं होतं. हा पसंत पडला तर वर्गांसाठी चाळीस लहान गोल घेऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. पसंत पडला नाही तर काय, ते त्या बोलल्या नाहीत, पण काकूंना ठाऊक होतं. महिनाअखेर कारखान्याला कुलूप, भाऊजी प्लॅस्टिकच्या फॅक्टरीत, आणि काकू लेकीच्या घरी, जावयाचे मोजे वाळत घालायला.

बाईंनी प्रत्येक खंडाचा एकेक नकाशा स्वतः रंगवून दिला होता. "माझ्याकडे एकच प्रत आहे, जपा हं," असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. काकूंनी नकाशे चिमट्याने दोरीवर लावले आणि कामाला हात घातला. सगळी पृथ्वी रंगवून झाली. राहिली होती फक्त आफ्रिका. गोल न्यायला बाई दुसऱ्या दिवशी चार वाजता येणार होत्या.

आदल्या संध्याकाळी भाऊजी गोलाला टेकले. भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. हे गृहस्थ कशालाही टेकले की त्यांना डुलकी लागे. कोपर हळूहळू आत गेलं, आणि जाग आली तेव्हा आफ्रिकेच्या जागी घमेल्याएवढा खड्डा पडलेला.

"मी भरते," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे काकूंच्या थोरल्या नणंदबाई. त्यांचा हात भारी चपळ. विचार नंतर यायचा, काम आधी व्हायचं. त्यांनी दोरीखालच्या टोपलीतली रद्दी उचलली, टराटरा फाडली, खळीत भिजवली, कुटली आणि तासाभरात खड्डा बुजवला. रात्रभर शेगडी जवळ ठेवून तो वाळवला. सकाळी दादांनी, म्हणजे काकूंच्या थोरल्या भावाने, फूटपट्टीने मापं घेऊन आफ्रिकेच्या नव्या कोऱ्या फाका वर चिकटवल्या. दादा फूटपट्टीशिवाय भाकरसुद्धा मोडत नाहीत, असं वन्सं त्यांच्या पाठीमागे म्हणत. समोरही म्हणत.

काकूंनी दोरीकडे पाहिलं. चिमटा होता, नकाशा नव्हता.

"वन्सं, आफ्रिकेचा नकाशा कुठं गेला?"

वन्संनी दोरीकडे पाहिलं. मग खालच्या टोपलीकडे पाहिलं. मग गोलाकडे.

"आफ्रिकेचा ना?" त्या म्हणाल्या. "मग तो आफ्रिकेतच गेला."

भाऊजी शाळेत धावत जाऊन आले. शिपाई म्हणाला, बाई मुलांना घेऊन सहलीला गेल्यात, येताना चार वाजता थेट तुमच्याकडेच येणार. वाचनालयाचा तो सुट्टीचा दिवस. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस अजून यायचे होते.

"गोल कापून बघायचा का?" भाऊजींनी विचारलं.

"कापून काय हाती लागणार? लगदा," काकू म्हणाल्या. "चहात विरघळलेलं बिस्किट बाहेर काढून त्यावरचं नाव वाचलंय का कुणी? आता आठवेल तसं रंगवायचं. आठ दिवस तो नकाशा आपल्या डोळ्यांसमोर लटकत होता. चौघांनी मिळून आठवलं तर जमेल."

इथे कारखान्याची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं नीट कळायचं नाही. एका हाताला एक रंग, असा काकूंच्या यजमानांचा नियम होता. दोन हात एका रंगात पडले की छटा बदलते, म्हणून. त्याप्रमाणे ब्रिटनचा गुलाबी वन्संकडे, फ्रान्सचा जांभळा भाऊजींकडे, जर्मनीचा हिरवा दादांकडे. पोर्तुगाल, इटली वगैरे लहानसहान बाटल्याही दादांकडेच. नियम चांगला होता, पण त्याचा एक परिणाम होई. ज्याच्या हातात जो रंग, तो त्याला आपला वाटू लागे. दोरीवर नकाशा होता तोवर तिघं मुकाट्याने नकाशाबरहुकूम रंगवत. आज नकाशा नव्हता.

"मला चांगलं आठवतंय," वन्सं म्हणाल्या, "गुलाबी पुष्कळ होता."

"जांभळाही काही कमी नव्हता, अक्का," भाऊजी म्हणाले.

"हिरवा कुणी बघितलाच नाही," दादा म्हणाले. "पण होता. ठिकठिकाणी होता."

वन्संनी वरच्या टोकापासून सुरुवात केली, तेव्हा दादांनी खालच्या टोकाला ब्रश टेकवायला घेतला. वन्संनी तो मनगटानेच बाजूला सारला आणि खालीही गुलाबी ठिपका लावला.

"अहो, तुम्ही वर आहात ना?"

"वर आहे. पण खाली हात टेकायला नको? वरून खालपर्यंत एक सलग पट्टा येणार आहे माझा."

"असं नकाशात होतं?"

"शोभेल की नाही ते सांगा."

तिकडे भाऊजींनी डाव्या अंगाने जांभळा पसरायला घेतला. सगळं वाळवंट रंगवलं. "तिथं वाळूशिवाय काही नाही," काकू म्हणाल्या. "कशाला उगाच रंग घालवता?"

"मी नाही घेतलं तर अक्का घेईल," भाऊजी म्हणाले.

"मला नकोच आहे ती वाळू," वन्सं म्हणाल्या.

"आत्ता नको आहे."

यावर वन्संनी जांभळ्याच्या ऐन पोटात, एका बारीक नदीच्या तोंडात गुलाबी ब्रश खुपसला आणि नदीच्या दोन्ही काठांनी आतपर्यंत ओढत नेला. चारी बाजूंनी भाऊजी, मधे करंगळीएवढ्या वन्सं.

"हे काय आता?"

"नदी माझी, काठही माझे. पलीकडचं सगळं तुझं."

काकूंनी कपाळाला हात लावला, तर कपाळाला गुलाबी लागला. वन्संनी पहाटेच बादलीभर गुलाबी कालवून ठेवला होता. जुन्या गोलांना लागायचा तेवढा. जुने गोल आता खपत नव्हते, पण कालवण्याची सवय गेली नव्हती.

"एवढा कशाला कालवलात, वन्सं?"

"कालवून झालाय आता. वाळला तर दगड होईल. कुठं तरी लावायलाच हवा." आणि त्यांनी समुद्रातल्या दोन बेटांना टिकल्या लावल्या. ब्रश जरा टेकवायला बऱ्या पडतात, म्हणाल्या.

दादांचं काम निराळं होतं. ते उशिरा सुरू झाले होते आणि चांगल्या जागा गेल्या होत्या, म्हणून ते फूटपट्टी लावून बसले. जिथे वन्संचा सलग पट्टा खाली उतरायचा, नेमकं तिथे त्यांनी हिरवं मोठं चौकोनी ठिगळ लावलं.

"माझी वाट अडवली तुम्ही," वन्सं म्हणाल्या.

"तुमची वाट कुठं छापलीय ते दाखवा."

दुसरा हिरवा तुकडा त्यांनी खाली डावीकडे घेतला, आणि त्यातून एक बारीक हिरवं बोट उजवीकडे लांबवर काढलं, थेट मधल्या एका मोठ्या नदीपर्यंत.

"हे बोट कसलं, दादा?" काकूंनी विचारलं.

"नदीला हात लागायला हवा. नदीत होडी घातली की सरळ पलीकडच्या समुद्रात उतरता येतं."

काकूंनी चष्मा पुढे सरकवला. "पण नदीवर इथं हा केवढा मोठा धबधबा छापलाय. होडी त्यावरून जाणार?"

दादांनी धबधब्यावर फूटपट्टी ठेवून पाहिली. "होडीवाल्याचं तो बघेल," ते म्हणाले.

मग व्हायचं तेच झालं. वन्सं वरून खाली येत होत्या, भाऊजी डावीकडून उजवीकडे जात होते, आणि एका दलदलीत दोघांचे ब्रश समोरासमोर आले. दलदल बोटाच्या नखाएवढी. कुणी मागे घेईना. गुलाबी थेंब जांभळ्यात पडला, आणि जांभळा थेंब वन्संच्या पदरावर.

"मी आधी पोचलो, अक्का."

"मी मोठी आहे."

काकूंनी दोघांना चहा दिला. दोघांनी एका हाताने चहा घेतला, दुसऱ्या हाताने ब्रश तसाच रोखून धरला. शेवटी भाऊजींनी दलदलीकडे नीट पाहिलं, वन्संच्या मागच्या बादलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठेव तुझी दलदल. डास तर आहेत नुसते." आणि वाळवंटाकडे परत गेले.

पोर्तुगालच्या नारिंगी बाटलीसाठी दादांनी दोन किनारे धरून ठेवले होते. "नारिंगी सगळ्यांच्या आधी आला होता" एवढंच त्यांचं म्हणणं. इटलीचा लाल त्यांनी उजवीकडच्या उंच डोंगरांत लावून पाहिला. पण तिथली फाक अजून ओली होती. रंग धरेना, उलट ओघळून दादांच्याच बाहीवर आला. दादा बाही धुवायला मोरीत गेले आणि परत त्या बाजूला फिरकले नाहीत. "राहू द्या तो भाग कोरा," काकू म्हणाल्या.

राहिला मधला मोठा भाग, रानांचा आणि नद्यांचा. तो वन्संना हवा होता, म्हणून भाऊजींना हवा होता, म्हणून दादांना हवा होता. दीड वाजला. रोगण वाळायला दोन तास लागतात. काकूंनी टेबलावर लाकडी हातोडी आपटली.

"हा भाग तुमच्यापैकी कुणाचाच नाही. इथं मी पिवळा लावते. बेल्जियमचा."

तिघांनी पिवळी बाटली पाहिली. अत्तराच्या कुपीएवढी होती.

"एवढासा देश," वन्सं म्हणाल्या. "तो काय कुणाच्या अध्यात मध्यात यायचा? लावा."

"गरीब बिचारा," भाऊजी म्हणाले.

काकूंनी मनापासून, एकसारखा, छान पिवळा लावला. कुपीत पाणी घालत घालत पुरवला.

आणि शेवटी ती रेघ. वन्संचा गुलाबी वर, दादांचा हिरवा खाली, आणि मधून समुद्रापासून तळ्यापर्यंत सीमा आखायची होती. दादांनी फूटपट्टी ठेवली आणि सर्रकन रेघ ओढायला घेतली. मधे बर्फाचा एक डोंगर आला. तो वन्संच्या बाजूला जात होता.

"बर्फाचा डोंगर मला पाहिजे," दादा म्हणाले. साठीच्या माणसाने इतका वेळ हट्ट धरलेला काकूंनी पाहिला नव्हता. शेवटी रेघेने डोंगराला वळसा घातला आणि मग ती पुन्हा सरळ निघाली.

पुढे फाकेवर एक नाव छापलेलं होतं. मासाई. रेघ त्या नावाच्या बरोबर मधून चालली होती. मा एकीकडे, बाकीची अक्षरं दुसरीकडे. काकूंनी दादांचा हात धरला.

"दादा, हे लोक आहेत. ते काय अर्धे वन्संकडे नांदणार आणि अर्धे तुझ्याकडे?"

"रेघ सरळ दिसली पाहिजे."

"डोंगरासाठी वाकवलीस ना? मग माणसांसाठीही वाकव. इकडे आण."

काकूंनी स्वतःच पेन्सिल घेतली आणि नावाला अलगद वळसा घालून सगळं नाव एकाच बाजूला ठेवलं. आजच्या दिवसात एक काम तरी शहाणपणाचं झालं, असं त्यांना वाटलं. मग रोगण फिरवलं आणि पंखा लावला.

चार वाजता इतिहासाच्या बाई आल्या. सोबत सातवीची पंधरा मुलं, चिखलाचे बूट, आणि बाईंच्या काखेत एक जाड पुस्तक. वन्सं, भाऊजी आणि दादा आतल्या खोलीच्या दाराआड उभे राहिले, म्हणजे आपण दिसत नाही अशी त्यांची समजूत होती.

काकूंनी खरं ते सांगून टाकलं. नकाशा गोलाच्या पोटात गेला, आणि आफ्रिका आम्ही अर्धी आठवणीने, अर्धी भांडून रंगवली. चुकलं असेल तर दाखवा, रात्र जागून सुधारते.

बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मुलांना म्हणाल्या, "चला, चुका शोधा. काय वेडेपणाचं दिसतंय?"

मुलांना आणखी काय हवं. एक मुलगा म्हणाला, "बाई, जांभळ्याच्या पोटात ही गुलाबी नदी. हे चुकलं."

बाईंनी पुस्तकात पाहिलं. "बरोबर आहे. ती नदी ब्रिटनने धरून ठेवली होती. चारी बाजूंना फ्रान्स."

दाराआडून कुणीतरी "बघ" असं म्हटलं.

"बाई, हे हिरवं बोट. नदीवर तर धबधबा आहे."

"हेही बरोबर आहे. जर्मनीने ते बोट मागून घेतलं, नदीतून समुद्रात जायला. धबधब्याचं काय करायचं ते कुणी पाहिलं नव्हतं."

"आणि एवढं वाळवंट कशाला कुणी घेईल?"

"दुसऱ्याने घेऊ नये म्हणून," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "काकू, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मला नाही हो सुचलं. आत तिघं आहेत, त्यांना सुचलं."

मुलं एकेक वेडेपणा दाखवत गेली आणि बाई पुस्तकात बघून मान डोलावत गेल्या. दलदलीत दोन देशांच्या फौजा समोरासमोर आल्या होत्या आणि एक परत गेली होती, खरं. वरून खाली जाणारी वाट मधेच अडली होती, खरं. कोऱ्या डोंगराळ भागात इटली हरून परत आली होती, तेही खरं. पाच-सहा ठिकाणी रंग बोटभर इकडे तिकडे झाला होता, तेवढंच.

"पण बाई, यांना ही जमीन हवी कशाला होती?" दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं.

बाई एका स्टुलावर बसल्या. "कारणं पुष्कळ होती, बाळ. त्यांच्या गिरण्यांना कापूस हवा होता, रबर हवं होतं, तांबं हवं होतं. गिरण्यांतून माल एवढा निघायचा की तो खपवायला कुणीतरी गिऱ्हाईक हवं होतं. आधी घेतलेलं राखायचं म्हणून वाटेवरचं घ्यायचं. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही घ्यायचं. आणि घरी सांगायचं काय, तर आम्ही त्यांना सुधारायला चाललोय."

"त्या लोकांना विचारलं नव्हतं?"

"वाटपाचे नियम ठरवायला युरोपात मोठी सभा भरली होती. महिनोन् महिने चालली. आफ्रिकेतलं माणूस एकही नव्हतं."

मुलगी पिवळ्या भागाकडे वळली. "हा तरी चांगला असेल. किती छोटा देश आहे."

काकू मनातल्या मनात म्हणाल्या, माझी पिवळी कुपी. बाईंनी मात्र मान हलवली.

"सगळ्या मोठ्या देशांनाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढासा देश, हा काय त्रास देणार. म्हणून तो भाग त्या देशाच्या राजाला मिळाला, त्याच्या देशाच्या सत्तर-पंचाहत्तर पट मोठा. तो दानधर्माच्या गोष्टी बोलायचा. आणि रबर कमी आलं तर त्याची माणसं तिथल्या लोकांचे हात तोडायची. लहान मुलांचेसुद्धा."

काकूंनी आपले हात पाहिले. नखांत पिवळा रंग होता. त्यांनी हात पदराखाली घेतले.

बाई उठल्या आणि गोलाच्या उजव्या बाजूला आल्या. इथे मात्र त्या थांबल्या. पुस्तक पाहिलं, गोल पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या. "ही सीमा डोंगराला वळसा घालते, ते अगदी बरोबर. पण पुढे या नावाला वळसा घालते, तसं झालं नव्हतं. रेघ सरळ गेली होती."

"या लोकांच्या मधून?" काकूंनी विचारलं.

"मधून. अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे. गुरं चारायची कुरणं, पाण्याच्या जागा, सगळं दोन्हीकडे फाटलं. ती सीमा अजूनही बहुतेक तिथेच आहे."

"म्हणजे डोंगरासाठी वाकली आणि माणसांसाठी नाही?"

"हो."

काकूंना राग आला, पण कुणावर ते कळेना. सबंध गोलावर एकच गोष्ट त्यांनी विचार करून केली होती, आणि तेवढीच चुकली होती. दाराआडून दादांनी फूटपट्टी पुढे केली. त्यांना वाईट वाटत होतं, हे फूटपट्टी उलटी धरली होती त्यावरून काकूंना कळलं.

"तेवढं दुरुस्त केलंत की गोल पसंत," बाई म्हणाल्या. "शाळेत खोटं ठेवता येणार नाही मला."

"खोटं मलाही नको," काकू म्हणाल्या. त्यांनी काचकागदाने तेवढं रोगण आणि खालचा रंग खरवडला, फूटपट्टी लावली आणि नावाच्या मधून सरळ रेघ ओढली. मग ब्रश उचलला आणि गुलाबीच्या आणि हिरव्याच्या वाटीत चांगलं पळीपळीभर पाणी ओतलं.

"पाणी नको, फिका होईल," वन्सं आतून म्हणाल्या.

"फिकाच करायचाय," काकू म्हणाल्या, आणि बाईंकडे वळल्या. "रेघ तुम्ही म्हणता तिथं. पण रंग मी पातळ देणार. खालचं नाव वाचता आलं पाहिजे."

"त्यांच्या नकाशांत ही नावं सहसा नसायची, काकू."

"हा त्यांचा नकाशा नाही. माझ्या कारखान्यातला गोल आहे. कोण कुणाच्या रंगाखाली गेलं, ते मुलांना दिसायला नको? पसंत नसेल तर तसं सांगा."

काकू बोलून तर गेल्या. चाळीस गोल डोळ्यांसमोरून घरंगळत गेले, त्यांच्या मागून जावयाचे मोजे. पण त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंना पातळ रंग फिरवला.

दोन वेण्यांची मुलगी गोलाला नाक लावून उभी राहिली आणि गुलाबीतलं एक अक्षर आणि हिरव्यातली दोन अक्षरं जोडून मोठ्याने म्हणाली, "मासाई." मग दुसरीकडे बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथंही काहीतरी लिहिलंय, पण रंग जाड आहे. इथलंही पुसट करायला सांगा ना."

मग सगळीच मुलं गोलावर तुटून पडली, इथं कोण आहे, इथं कोण आहे म्हणत. बाईंनी पुस्तक मिटलं.

"सगळीकडे पातळ करून द्या," त्या म्हणाल्या. "गोल उद्या सकाळी लवकर नेते. आणि ते चाळीस गोलही असेच करा. फक्त एक अट आहे. रंगवायला हेच तिघं हवेत."

"हे तिघं? अहो, यांनी दिवसभरात माझा जीव काढला. चाळीस गोल करायचे तर मी त्यांना तीन वेगळ्या खोल्यांत बसवणार."

"तसं करू नका, काकू," बाई म्हणाल्या. "वेगळं बसवलंत तर विचार करून रंगवतील, आणि चाळीसच्या चाळीस चुकतील."